आरडी ३५० : कार्बला हात लावण्याआधी

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

हे पत्रक हातात पडलं म्हणजे तुमची आरडी ३५० (दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक राजदूत मोटरसायकल) एकतर आमच्याकडून तयार होऊन निघाली आहे, नाहीतर ती टेम्पोत आणि कार्ब (कार्बुरेटर) पिशवीत अशी आत्ताच येऊन पोचली आहे. दुसरं असेल तर चहा घ्या आणि सावकाश वाचा.

तक्रार ऐकून ऐकून आम्हाला पाठ झाली आहे. ‘पिकअप घेत नाही. मध्येच मिसिंग मारते, एका सिलिंडरवर जाते. कार्ब दोनदा उघडून साफ केला, जेटात हवा मारली, स्क्रू आत-बाहेर करून बघितला, पण आता पहिल्यापेक्षा बिघडली.’ मग आम्ही डावं कव्हर काढतो आणि बहुतेक वेळा मूळ दुखणं तिथे, पॉइंटमध्ये (उघडमीट करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांमध्ये) सापडतं. कार्ब बिचारा ठीक होता. आता तोही बिघडलेला असतो आणि एका दुखण्याची दोन झालेली असतात.

कार्बवर पहिला संशय का जातो ते आम्हाला कळतं. तो डोळ्यांसमोर असतो, स्क्रू-ड्रायव्हरने उघडतो आणि बाकी मोटरसायकलींवर तीच सवय लागलेली असते. पॉइंट बघायचे तर कव्हर काढा, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) शोधा, क्रँक हाताने फिरवा. कंटाळा येतो. पण आमच्याकडे गाडी ज्या कामामुळे दोन दिवसांऐवजी आठवडाभर अडकते, ते कार्ब परस्पर उघडण्याचंच काम.

दुखणं एका बाजूचं की दोन्ही बाजूंचं?

घरी तपासताना पहिला प्रश्न हाच विचारा. आरडीत एका क्रँकवर दोन वेगळी इंजिनं आहेत असं धरून चाला. कार्ब दोन, पॉइंट दोन, कॉइल दोन, सायलेन्सर दोन. सामाईक काय, तर बॅटरी, चावीचा स्विच, पेट्रोलची टाकी आणि कॉक, एअर फिल्टर. दोन्ही सिलिंडर सारखेच मरगळलेले असतील तर सामाईक गोष्टी बघा. एकच मरत असेल तर त्या बाजूच्या गोष्टी बघा. एवढ्यानं अर्धी शोधाशोध वाचते.

कुठली बाजू मरतेय हे कळत नसेल तर गाडी थंड असताना सुरू करा, मिनिटभर चालू द्या आणि दोन्ही सायलेन्सरच्या बेंडवर, ब्लॉकच्या जवळ, पाण्याचा एकेक थेंब टाका. चालणाऱ्या बाजूला चर्रकन उडून जाईल. बोट लावून बघू नका, दरवर्षी कुणीतरी लावतंच.

मग दोन्ही प्लग काढून डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावा. दुखणं प्लगबरोबर बाजू बदलून गेलं तर प्लग खराब. विषय संपला, गॅरेजला यायची गरज नाही. दुखणं जागेवरच राहिलं तर पुढे चला. इथे एक गोष्ट सांभाळा. नुसत्या प्लगच्या वायरी डावी-उजवी करून बघू नका. आरडीचा क्रँक १८० अंशांचा आहे, एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली. वायरी बदलल्या की ठिणगी भलत्या वेळी पडते, गाडी सुरूच होत नाही आणि तुम्हाला वाटतं की नवीनच काहीतरी उडालं. कॉइलची अदलाबदल करायची तर पॉइंटकडून येणारी वायरही सोबत बदला. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी बदलल्यावर गाडी सुधारली तर कशामुळे सुधारली ते ना तुम्हाला सांगता येतं, ना आम्हाला.

दोन्ही बाजू मरत असतील तर बॅटरीपासून सुरुवात करा. ही गाडी बॅटरीवर ठिणगी देते. बॅटरी बसलेली असेल तर हेडलाइट लावल्याबरोबर मिसिंग सुरू होतं, आणि लोक पुन्हा कार्ब उघडतात. बंद गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि रेस दिल्यावर चौदाच्या आसपास दिसायला हवेत. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून फोनवर बोलत उभे राहू नका. पॉइंट मिटलेल्या अवस्थेत थांबले असतील तर कॉइल तापत राहते आणि बॅटरी उतरते. गाडी दहा मिनिटं झकास चालून मग मरत असेल तर टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ झालं आणि गाडी पुन्हा चालली, तर झाकणाचं हवेचं भोक तुंबलंय. सुईचं काम आहे.

पॉइंट

डाव्या कव्हरखाली पॉइंटचे दोन संच दिसतील. गॅप ०.३ ते ०.४ मिमी. पॉइंटचा फायबरचा पाय कॅमवर घासत झिजतो, तसतशी गॅप कमी होते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडतं. गाडी जड वाटते, तापते, वर रेस घेत नाही. तुम्ही ज्याला ‘कार्ब चोकअप झालाय’ म्हणता ते नेमकं असंच लागतं हाताला. उलट गॅप जास्त ठेवली तर टायमिंग पुढे जातं आणि मामला महागात पडतो. चढावर खडखड आवाज येतो आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं.

संध्याकाळी अंधारात कव्हर काढून गाडी स्लोला ठेवा आणि दोन्ही पॉइंटांकडे बघा. बारीक, जेमतेम दिसणारी ठिणगी चालते. एका पॉइंटवर वेल्डिंगसारखा निळा-पांढरा लखलखाट होत असेल तर त्या बाजूच्या कंडेन्सरवर संशय घ्या. अशा पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि समोरच्यावर टेंगूळ आलेलं असतं. ते पॉलिश पेपरने घासू नका. पेपरची कच तोंडात अडकते आणि आठवड्यात पुन्हा तेच. पॉइंटची बारीक कानस मिळते ती वापरा, नंतर जाड व्हिजिटिंग कार्ड पेट्रोलात बुडवून तोंडांमधून ओढा, मग कोरडं ओढा. कार्डावर काळी रेघ उमटेनाशी झाली की पुरे. कॅमला पुसणाऱ्या फेल्टला ग्रीसचं बोट लावा, पण लावलंय न लावल्यासारखं. जास्त झालं की उडून पॉइंटवरच बसतं.

गॅप घरी जरूर बघा. टायमिंग मात्र पिस्टनची जागा मोजणाऱ्या डायल गेजशिवाय करू नका. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी २ मिमीवर पॉइंट उघडायला हवा, तोही दोन्ही बाजूंना स्वतंत्र, आणि एकीचं जुळवताना दुसरीचं हलू शकतं. सिगारेटचा कागद घालून ‘अंदाजे’ केलेलं टायमिंग आम्ही रोज बघतो. डायल गेजवर दोन्ही बाजूंचं टायमिंग करून द्यायला आम्हाला फार वेळ लागत नाही, अट एवढीच की कार्ब जागेवर आणि न छेडलेला असावा.

कार्ब छेडला की ऑइल पंपही हलतो

हे फार लोकांना माहीत नसतं. ॲक्सिलेटरची एक केबल खाली येऊन तीन होते. दोन जातात दोन कार्बना, तिसरी इंजिनात टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल) सोडणाऱ्या ऑइल पंपाला. स्लो नीट बसत नाही म्हणून तुम्ही कार्बवरचे केबलचे ॲडजस्टर फिरवता तेव्हा डाव्या-उजव्या स्लाइड मागे-पुढे होतात, आणि पंपाची खूण पिनशी जुळेनाशी होते. म्हणजे एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत चालतो आणि तेलही कमी-जास्त पडतं. जास्त पडलं तर धूर आणि काळे प्लग. कमी पडलं तर सीझ, म्हणजे पिस्टन जाम.

कार्ब उघडलाच असेल तर निदान एवढं करा. मागची रबरं काढून दोन्ही कार्बच्या तोंडात बोट घाला, ॲक्सिलेटर अगदी हळू फिरवा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी बोटाला सोडून वर गेल्या पाहिजेत. ते जुळल्यावरच पंपाची खूण बघायची, आधी नाही.

या कटकटीला कंटाळून पंपच काढून टाकायचा आणि टाकीत तेल मिसळायचं, असा सल्ला देणारे मिस्त्री गावोगाव आहेत. आम्ही पंप काढून देत नाही. त्यावरून काही जण नाराजही झालेत. आमचं म्हणणं साधं आहे. आंबोली किंवा फोंडा घाट उतरताना तुम्ही ॲक्सिलेटर बंद करता आणि गाडी गिअरवर रोखता. इंजिन जोरात फिरत असतं, पेट्रोल मात्र जवळपास बंद. तेल पेट्रोलातूनच येत असेल तर तेही बंद. पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे थोडं का होईना, तेल देत राहतो. सर्किटवर पळवायची गाडी असेल तर गोष्ट निराळी.

पंपाची नळी कधी सुटली किंवा तेलाची टाकी कोरडी पडली तर तेल भरून लगेच निघू नका. नळीत हवा राहते. पंपावरचा हवेचा स्क्रू सोडून, बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्यावं लागतं. तोवर पेट्रोलात लिटरला ३० ते ३५ मिली टू-टी मिसळून चालवा. आणि टू-टीच्या टाकीत २०-डब्ल्यू-४० (फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल) ओतू नका. हे लिहायला लागू नये, पण लागतं.

सील, ई-२० आणि पावसाळा

बरीच वर्षं उभी असलेली गाडी घेतली असेल तर क्रँकचे ऑइल सील कडक झालेले असतात. उजवा, क्लचकडचा सील गेला तर गिअरचं तेल जळून पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. डावा गेला तर बाहेरची हवा आत खेचली जाते, गाडी स्लोला येत नाही, आपोआप रेस वाढते. अशी गाडी मुळीच चालवू नका. इथेही कार्बचा स्क्रू फिरवून उपयोग नाही. आम्ही इंजिन न खोलता प्रेशर लावून तपासतो, गळती कुठून आहे ते कळतं.

पेट्रोल पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटवर मिक्स्चर थोडं लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) पडतं, आणि टू-स्ट्रोकला लीन म्हणजे ताप. मेन जेट एक नंबर मोठा लागू शकतो. मित्राच्या गाडीचा जेट नंबर आणून तोच टाका म्हणू नका. १९८३ पासून फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने ज्या गाड्या काढल्या त्यात आधीच्या एचटी (हाय टॉर्क) ३०.५ बीएचपीच्या, नंतरच्या एलटी (लो टॉर्क) २७ च्या, आणि त्यांचा श्वास वेगळा. शिवाय आज अर्ध्या गाड्यांचे सायलेन्सर बदललेले. तुमच्या गाडीत कुठला जेट, कुठला बोर, कुठले प्लग हे आम्ही कार्डावर लिहून देतो. प्लग काळे होतात म्हणून बी-८-एचएसच्या जागी सातचा गरम प्लग परस्पर लावू नका, हायवेवर महागात पडेल.

पावसाळ्यात गाडी उभी करणार असाल तर कॉक बंद करून दोन्ही कार्बची चेंबरं रिकामी करा. ई-२० पाणी ओढतं, चेंबरात हिरवट खर धरते. प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर टू-टी टाका, चार किका मारा, प्लग परत लावा. बॅटरी काढून घरात ठेवा.

आमच्याकडे आणताना

तपासणीचा आकार वेगळा घेतो, हे काहींना खटकतं. ‘शेवटी प्लगच तर बदलला.’ बरोबर, पण प्लगच बदलायचा आहे हे कळायला बॅटरी, टायमिंग आणि प्रेशर बघावं लागतं. न बघता ब्लॉक उतरवून रिबोर (सिलिंडरचा बोर मोठा करणं) सांगणं आम्हालाही सोपं आहे, पैसेही जास्त मिळतील. पण मूळच्या ६४ मिमीच्या बोरला ०.२५ ते १.०० पर्यंत चारच टप्पे आहेत. तेवढे संपले की लायनर, आणि चांगले ब्लॉक आता शोधून मिळत नाहीत. बोरिंग आम्ही उद्यमनगरात ठरलेल्या लेथवरच करतो, पिस्टन हातात आल्यावर आणि मोजल्यावर. म्हणून उशीर लागतो. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत देतो, मागायची गरज नाही.

आवाजाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवून निदान विचारू नका, फोनवर सगळ्या आरडी सारख्याच वाजतात. त्याऐवजी दोन्ही प्लगचा उजेडात काढलेला फोटो पाठवा, डावा कुठला आणि उजवा कुठला ते लिहून. त्यावरून बरंच सांगता येतं आणि त्याचे पैसे घेत नाही. व्हीए नंबरचंही बरेच जण विचारतात. ती विंटेज नोंदणी ५० वर्षांवरच्या गाड्यांना आहे, तुमच्या आरडीला अजून अवकाश आहे.

घाटात जाणाऱ्यांसाठी काउंटरवर एक छोटा डबा ठेवला आहे. त्यात दोन प्लग, एक कंडेन्सर, पॉइंटची कानस, फिलर गेज आणि आमची चार व्हिजिटिंग कार्डं आहेत. कार्डं जाड कागदावर छापून घेतली आहेत, कशासाठी ते वर लिहिलंच आहे. सोमवारी गॅरेज बंद असतं.