आठ-आठ-आठ-आठला पिंग लागतो, म्हणजे डीएनएस चालू आहे असं नाही

नागपुरात सीताबर्डीपासून हिंगणा एमआयडीसीपर्यंत कुठल्याही छोट्या ऑफिसात नेट अडकलं की फोनवरचं बोलणं ठरलेलं असतं. "भाऊ, साइट उघडून नाही राहिली." "८.८.८.८ ला पिंग मारून पाहा." "रिप्लाय तर येऊन राहिला." "मग लाइन बरोबर आहे, डीएनएसही बरोबर आहे. तुमच्या कॉम्प्युटरमध्येच काहीतरी असेल."

लाइन बरोबर आहे, इथपर्यंत ठीक. पुढचं "डीएनएसही बरोबर आहे" मात्र साफ चूक आहे. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी, सांगणारी व्यवस्था. या चुकीपायी चांगले कॉम्प्युटर फॉरमॅट होतात, चालू राउटर बदलले जातात आणि मूळ बिघाड तिथेच राहतो. पिंग आणि नाव रिझॉल्व्ह होणं (नावावरून आयपी सापडणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सगळे मान्य करतात. तपासताना मात्र एकीचा निकाल दुसरीच्या नावावर टाकतात.

पिंग तुम्ही रोज वापरता, म्हणून थोडक्यात. आपण आयसीएमपीचं, म्हणजे नेटवर्कच्या तपासणी-निरोपांच्या पद्धतीचं, एक छोटं पाकीट पाठवतो आणि समोरचा ते परत पाठवतो. विंडोजवर डेटा ३२ बाइट्स आणि चार फेऱ्या. पोर्ट, म्हणजे एकेका कामासाठीचा नंबरी दरवाजा, पिंगला नसतो. "पिंगचा पोर्ट उघडून द्या" अशी मागणी अजूनही येते. असा पोर्टच नाही. माइक मूस यांनी हे साधन डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्कमधला बिघाड शोधायलाच लिहिलं. योगायोग असा की पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची पहिली रूपरेषा मांडली तीही १९८३ च्याच नोव्हेंबरात. त्याआधी सगळ्या नेटवर्कची नावं एकाच फाइलमध्ये लिहिलेली असत आणि प्रत्येक जण ती फाइल उतरवून घेई. त्या फाइलचा वंशज आजही तुमच्या विंडोजमध्ये 'होस्ट्स' नावाने बसलेला आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

आता घोळाचं मूळ. ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, २००९ च्या डिसेंबरात सुरू झालेला. पत्ता लक्षात ठेवायला सोपा आणि जवळजवळ नेहमी जागा असलेला, म्हणून लोकांनी त्याला पिंग मारायचं ठिकाण करून टाकलं. पत्ता डीएनएसचा आणि त्याला पिंग लागला, तेव्हा डीएनएस ठीक, असा हिशेब आपोआप जुळतो. पण पिंगने त्या सर्व्हरला कुठलंच नाव विचारलेलं नसतं. नाव विचारायला प्रश्न जातो तो यूडीपीच्या ५३ नंबर पोर्टवर, गरज पडल्यास टीसीपीच्या ५३ वर (यूडीपी, टीसीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती). मधल्या एखाद्या फायरवॉलने, म्हणजे ये-जा गाळणाऱ्या पहारेकऱ्याने, ५३ अडवला आणि आयसीएमपी सोडला, तर पिंग चारही वेळा सुरेख येईल आणि एकही नाव सापडणार नाही.

त्याहून नेहमीची गोष्ट वेगळीच. तुमचा कॉम्प्युटर ८.८.८.८ ला विचारतच नसतो. डीएचसीपीने, म्हणजे राउटरच्या आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीने, त्याला डीएनएस म्हणून राउटरचाच पत्ता दिलेला असतो, बहुतेक १९२.१६८.१.१. राउटर तो प्रश्न घेतो, पुढे पाठवतो, उत्तर आणून देतो. राउटरमधला हा निरोप्या अडकून बसला, तर राउटरला पिंग लागतो, ८.८.८.८ लाही लागतो, आणि ऑफिसभर "नेट बंद" असतं. ज्याला विचारतो त्यालाच तपासलं नाही, तर त्या तपासणीतून डीएनएसबद्दल काय कळणार?

म्हणून नावाची तपासणी एनएसलुकअप या विंडोजच्या कमांडने करा आणि कुणाला विचारतोय ते सांगून करा. आधी 'एनएसलुकअप', साइटचं नाव, आणि पुढे १९२.१६८.१.१. मग तेच नाव, पण पुढे ८.८.८.८. पहिल्यात "डीएनएस रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आणि दुसऱ्यात बरोबर उत्तर आलं, तर राउटरचा डीएनएस अडकलाय. राउटर बंद-चालू केला की चालेल आणि वारंवार होत असेल तर फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) पाहायचं. उलट झालं, म्हणजे राउटर उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तर बाहेर कुणीतरी ५३ अडवून ठेवलाय, आणि सगळ्या पीसीवर ८.८.८.८ टाकत सुटलेल्या माणसाने आपणच ऑफिस बंद पाडलंय. दोन्हीकडे शांतता असेल तरच प्रोव्हायडरला फोन लावा.

नावाने पिंग मारलात तर एका कमांडमध्ये दोन्ही कामं होतात, आणि पडद्यावर त्यांची हद्द स्पष्ट दिसते. पहिली ओळ पाहा: "पिंगिंग", मग नाव, मग चौकोनी कंसात आयपी. कंसात आयपी उमटला त्या क्षणी नावाचं काम संपलं. त्याखाली "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" कितीही वेळा येवो, त्याचा डीएनएसशी संबंध नाही. आणि ती ओळ न येता "पिंग रिक्वेस्ट कुड नॉट फाइंड होस्ट" आलं, तर पाकीट निघालेलंच नाही. रस्ता चांगला की वाईट हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या फोटोंमध्ये नेमकी हीच पहिली ओळ कापलेली असते, खालचे चार "टाइम्ड आउट" तेवढे दिसतात. फोटो पाठवायचा तर कमांड टाइप केलेल्या ओळीपासून पाठवा. अर्धं निदान तिथेच होतं.

टाइम्ड आउट म्हणजे समोरचा बंद, हेही धरून चालू नका. बऱ्याच साइट्सच्या फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाहीत. ऑफिसातला विंडोज पीसी 'पब्लिक' नेटवर्कवर ठेवला असेल तर तोही गप्प राहतो, पण कामं करत असतो. तिथे पॉवरशेल या विंडोजच्या कमांड-खिडकीत टेस्ट-नेटकनेक्शन देऊन ४४३ (सुरक्षित साइट्सचा पोर्ट) किंवा हवा तो पोर्ट पाहणं जास्त खरं.

आता होस्ट्स फाइल. पिंग नाव शोधतो तेव्हा तो विंडोजला विचारतो, आणि विंडोज आधी आपली जुन्या उत्तरांची साठवण आणि होस्ट्स फाइल बघतं, मग डीएनएसकडे जातं. एनएसलुकअप या दोन्ही गोष्टींकडे ढुंकूनही पाहत नाही, थेट सर्व्हरला विचारतो. म्हणून एनएसलुकअप नवा आयपी दाखवतो आणि पिंगच्या कंसात जुना दिसतो, तेव्हा सर्व्हरशी भांडू नका. आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस चालवा, साठवण पुसली जाईल. तरी जुनाच आला तर सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स, त्यातल्या ईटीसी फोल्डरमधली होस्ट्स उघडा. कधीकाळी कुणीतरी "तात्पुरती" टाकलेली ओळ तिथे सापडेल.

याची दुसरी बाजू इतवारी-गांधीबागेतल्या जागांमध्ये फार दिसते: खाली दुकान, वर ऑफिस. खालच्या पीसीवर टॅलीचा डेटा, वरचे त्याला 'सर्व्हर' या नावाने उघडतात. एनएसलुकअपला हे नाव बहुधा माहीतच नसतं, तरी पिंग लागतो, कारण डीएनएसने हात वर केल्यावर विंडोज त्याच नेटवर्कवर सगळ्यांना ओरडून विचारतं, "सर्व्हर कोण?" आणि खालचा पीसी "मी" म्हणतो. सगळं छान चालतं. मग वर वायफाय पोचत नाही म्हणून दुसरा राउटर आणला जातो आणि खालची केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून नेट घ्यायच्या खाचेत) खोचली जाते. दुसऱ्या दिवशी वरून फोन: "पिंग होते, पण सर्व्हर दिसून नाही राहिला." आयपीने पिंग होतोच, कारण वरचा राउटर पाकीट खाली पोचवतो. ती हाक मात्र राउटर ओलांडत नाही. इथे डीएनएस बदलून काहीही होणार नाही. वरचा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो नुसतं वायफाय वाटेल; तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला खालच्या राउटरच्या रेंजमधला मोकळा आयपी द्या आणि केबल लॅन पोर्टमध्ये (आतल्या कॉम्प्युटरांच्या खाचेत) लावा. दोन्ही मजले एकाच नेटवर्कमध्ये आले की नाव परत येतं. माझं ठाम मत: छोट्या ऑफिसात एकामागे एक दोन राउटर राउटर म्हणून चालवूच नयेत.

'प्रिफर्ड' आणि 'अल्टरनेट' डीएनएसचा गैरसमजही याच जातीचा. पहिल्यात राउटर, दुसऱ्यात ८.८.८.८ टाकलं की पहिल्याला माहीत नसलेलं नाव दुसरा सांगेल, असं लोक मानतात. "असं नाव नाही" हेसुद्धा पूर्ण उत्तर आहे. ते मिळालं की शोध थांबतो. दुसऱ्याला विचारलं जातं ते पहिला गप्प राहिला तर. शिवाय तशी वेळ आली की ऑफिसातली नावं गूगलला विचारली जातात. त्याला ती ठाऊक असायचं कारणच नाही, आणि मग कधी नाव लागतं, कधी लागत नाही. पीसीवर हाताने डीएनएस भरू नका. बदलायचा असेल तर राउटरच्या डीएचसीपीत एकदाच बदला.

किरकोळ गोष्टी. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" हे तुमच्याच पीसीच्या आयपीवरून आलं असेल तर समोरचा त्याच नेटवर्कवर सापडला नाही, केबल बघा. खाली 'लॉस्ट ०' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका, विंडोज ती तक्रारसुद्धा मिळालेलं उत्तर म्हणून मोजतं. पिंगमधला टीटीएल म्हणजे पाकिटाचे उरलेले टप्पे, डीएनएसमधला टीटीएल म्हणजे उत्तर साठवून ठेवायचे सेकंद. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. राउटरच्या डायग्नोस्टिक पानावरून मारलेला पिंग राउटरकडून निघतो, तुमच्या पीसीकडून नाही, त्यामुळे तिथे नाव लागलं म्हणून पीसीवर लागेलच असं नाही. आणि ब्राउझरमध्ये कुणी सिक्युअर डीएनएस (नावं वेगळ्या, सुरक्षित वाटेने विचारणं) चालू केलं असेल तर नेहमीचा डीएनएस बंद पडला तरी साइट उघडतील आणि मेल मात्र अडेल, कारण ब्राउझर ५३ वापरतच नाही.

एप्रिल-मे मध्ये नागपुरात एक दुखणं हमखास डीएनएसच्या नावावर खपतं. साइट उघडायला कधी पाच सेकंद, कधी लगेच, आणि दुपारी जास्त. कूलर कर्मचाऱ्यांकडे तोंड करून, राउटर मात्र माळ्यावर, टिनाखाली, बंद खोक्यात. बहुतेक छोट्या राउटरना कारखान्याने ० ते ४० अंशांपर्यंतच चालायला सांगितलेलं असतं, आणि इथे बाहेरचाच पारा ४५ च्या आसपास जातो. पाकिटं गळायला लागली की डीएनएसचा प्रश्नही गळतो, पीसी थोडं थांबून पुन्हा विचारतो, आणि नाव उशिरा सापडतंय असं वाटतं. केबलने जोडलेल्या पीसीवरून राउटरलाच 'पिंग -टी' लावून दुपारी बाराला सोडा आणि चारला कंट्रोल-सी दाबून आकडा बघा. एका केबलच्या अंतरावर एक टक्काही गळती चालणार नाही. दिसली तर आधी केबल बदला, मग राउटर माळ्यावरून खाली, हवेशीर भिंतीवर आणा, आणि त्यानंतरच सेटिंगच्या पानाला हात लावा.