भामटा, दाखला आणि तारेचं कुंपण

‘भामट्याने वृद्धेला गंडा घातला’ असा मथळा मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून असतोच. आपण वाचतो नि पान उलटतो. भामटा म्हणजे फसवणारा, एवढंच आपल्याला ठाऊक. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे इंग्रजी अमलात कायद्यानेच गुन्हेगार ठरवलेल्या जातींच्या यादीत मात्र भामटा हे एका जातीचं नाव आहे. ज्याच्या जातीच्या दाखल्यावर ते छापलेलं असतं, त्या पोराने हा मथळा कसा वाचायचा?

माणूस जन्मतः दुष्ट असतो की झिडकारल्यामुळे तसा बनतो, यावर विद्वान अजून भांडताहेत. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून आपल्यापुरता तो निकाली काढला. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर, असा त्यामागचा युक्तिवाद. त्याच सुमारास इटलीत लोम्ब्रोसो नावाचा डॉक्टर एका मेलेल्या दरोडेखोराच्या कवटीतली खाच दाखवून ‘जन्मजात गुन्हेगार’ असतो असं सांगत होता. त्याचं पुस्तक १८७६ चं. इथे कवट्या तपासायची गरज पडली नाही. जात विचारली की काम भागलं.

गुन्हेगार ठरण्याआधी या जमातींतली माणसं जगत कशी होती? लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे. १८५३ ला मुंबई-ठाणे आगगाडी धावली, रूळ पुढे पसरत गेले आणि तो धंदा बसला. पारध्याचं शिकारीचं रान वन कायद्यांनी सरकारजमा केलं. कैकाडी टोपल्या विणणार, पण गावोगाव फिरला नाही तर विकणार कुणाला? आणि फिरत राहणं हीच तर सरकारच्या लेखी संशयाची खूण होती. यातले काही चोऱ्या करत, हे नाकारण्यात अर्थ नाही. चोऱ्या पाटलाच्या वाड्यातही होत असतील. त्यापायी पाटलांची अख्खी जात कुणी गुन्हेगार म्हणून सरकारी नोंदवहीत चढवली नाही.

सुरुवातीला उत्तरेपुरता असलेला हा कायदा १९११ ला मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता येईल असा झाला, १९२४ ला नव्याने एकत्र बांधला गेला. त्याचा खरा जाच वहीत होता. नोंद झालेल्याने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, हद्द ओलांडायची तर दाखला घ्यायचा. दाखल्याविना सापडला की तोच गुन्हा. आजारी बहिणीला बघायला शेजारच्या गावी निघालेला आणि दरोड्याला निघालेला, दोघंही कायद्याला सारखेच. हजेरीवरच्या माणसाला राखणीला तरी कोण ठेवणार? मग वहीत शिक्षांची भर पडायची आणि ती भरच पुढे जमातीच्या स्वभावाचा पुरावा म्हणून दाखवता यायची. हे मला सगळ्यात भयंकर वाटतं.

सोलापूरची सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत, याच काळातली. तारेचं कुंपण, आत कैकाडी, टकारी, पारधी, मांग गारुडी यांची कुटुंबं. काही काळ कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. तिथल्या माणसांना सोलापूरच्या कापड गिरण्यांत कामाला पाठवत, पोरांना शाळेत. आई-बापांपासून मुलं तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याची मुभाही कायद्यात १८९७ पासूनच होती. गंमत अशी, की दोष रक्तातच असता तर शाळेचा खर्च कशाला? सरकारचाच आपल्या सिद्धांतावर पुरता विश्वास नव्हता, पण गिरण्यांना स्वस्त हात मिळत होते.

हा कायदा तपासणाऱ्या अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं उलटली होती. म्हणून विमुक्तांचा मुक्तिदिन १५ नव्हे, ३१ ऑगस्ट. सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता अजून आहे; टपाल त्याच नावाने येतं.

कायदा गेला तरी वही पुरती मिटली नाही. सवयीच्या गुन्हेगारांसाठी राज्याराज्यांत कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर ते व्यक्तीपुरते. तरीही काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातींवरचा जुना शिक्का तसाच होता. मुंबईतल्या एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि नियमावल्या दुरुस्त करायला राज्यांना तीन महिने दिले.