शुगर आहे, पण कुठली?

माझा धाकटा भाऊ सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमवर काम करतो. अंगाने काटकुळा. तीन वर्षांपूर्वी शुगर निघाली तेव्हा फाइलवर ‘टाइप २’ (इन्सुलिन बनतं, पण पुरेसं काम करत नाही) लिहून गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी भागेना, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी ‘टाइप १ असावा’, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नसावं, असं म्हणत इन्सुलिन दिलं. आता रात्रपाळीत कधी ५८, तर सकाळी उपाशीपोटी २८०. तिसऱ्या डॉक्टरांनी टाइपपुढे नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. घरात मात्र सगळे एकच बोलतात, “पथ्य पाळत नाहीस.”

ते प्रश्नचिन्ह जुनं आहे. सुश्रुतसंहितेतच प्रमेहाचे, म्हणजे आजच्या मधुमेहासारख्या आजाराचे, रोगी दोन तऱ्हेचे सांगितलेत: जन्मजात दोषाचा कृश, कमी खाणारा, सतत तहानलेला, आणि कुपथ्याने झालेला स्थूल, खादाड, बैठा. १९३६ मध्ये लंडनच्या डॉक्टर हिम्सवर्थने रोग्यांना ग्लुकोज आणि इन्सुलिन एकदम देऊन पाहिलं. काहींची शुगर आवरली, काहींवर इन्सुलिनचा फारसा परिणामच झाला नाही. १९७९-८० मध्ये ‘इन्सुलिनवर अवलंबून’ आणि ‘अवलंबून नसलेला’ अशी नावं रूढ झाली. म्हणजे आजाराचं नाव उपचारावरून! गोळ्यांवरचा माणूस इन्सुलिनवर गेला की त्याला कुठे घालायचं, हा घोळ तिथेच सुरू झाला. १९९७ मध्ये अमेरिकेत ही नावं सोडून टाइप १ आणि २ आले, आणि मधुमेह ठरवायची उपाशीपोटीची रेघही १४० वरून १२६ वर आली. त्याआधीच, १९९३ मध्ये, रक्तात अँटिबॉडी (इन्सुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच पेशींवर उलटलेली प्रथिनं) असलेला पण मोठ्या वयात हळूहळू वाढणारा ‘लाडा’ वेगळा ओळखला गेला होता. असे कितीतरी रोगी सुरुवातीला टाइप २ मध्येच मोजले जातात.

आमच्यासारख्या दुष्काळी भागाला जवळचा धागा निराळाच आहे. १९५५ मध्ये जमैकात काही हडकुळे रोगी आढळले. त्यांना इन्सुलिन भरपूर लागे, पण ते थांबवलं तरी कीटोनचा (इन्सुलिन नसलं की रक्तात साठणाऱ्या घातक आम्लाचा) धोका सहसा होत नसे. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला वेगळा वर्ग दिला आणि १९९९ मध्ये काढूनही टाकला. वेल्लोरच्या सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) मधल्या डॉक्टरांसह काहींनी पाठपुरावा सोडला नाही. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ म्हटलं. पण बारीक दिसला म्हणून टाइप ५, असंही नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय की सडपातळ भारतीयाच्या अंगातही चरबी बरीच असू शकते. म्हणजे साधा टाइप २ सुद्धा असू शकतो.

वर्गवारीचे खानेच इतक्या वेळा हलले असतील, तर त्यात न बसण्याचा दोष माझ्या भावाच्या भाकरीवर का टाकायचा? हे मला मनापासून खटकतं.

तीन महिन्यांच्या शुगरवरही सगळा भरवसा ठेवता येत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात त्यावर तो हिशोब असतो. लोह कमी असेल तर आकडा उगाच जास्त येऊ शकतो. जास्त उपयोगाची सी-पेप्टाइड तपासणी. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हाच हा तुकडा सुटतो, टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. भावाचा आकडा कमी आला, पण शून्य नाही. अँटिबॉडी निगेटिव्ह. म्हणजे प्रश्नचिन्ह कायम.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलंय. तोवर वहीत शुगरच्या आकड्याशेजारी पाळी कुठली होती, तेही तो लिहितो, आणि डब्याच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी असते.