पार्श्वभूमी : कामगाराचा ‘शिकाऊ’ कसा झाला

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत फाटकाफाटकांवरच्या पाट्या वाचत गेलं, तर नुसती ‘कामगार पाहिजेत’ अशी पाटी आता शोधावी लागते. ‘ट्रेनी पाहिजेत’, ‘अप्रेंटिस भरती’, ‘हेल्पर, ठेकेदारामार्फत’ हेच शब्द जास्त. मशीन तेच, पाळी तीच, साहेबाचं ओरडणंही तेच. निलडोह, डिगडोह, इसासनीला चौघांत एक खोली करून राहणाऱ्या पोट्ट्यांना ‘पगार किती?’ विचारलं, तर ते उलट विचारतात, ‘कशावर?’ कंपनीच्या रोलवर, ठेक्यावर, की ट्रेनी म्हणून? हा ‘कशावर’ कुठून आला, ते इथे मांडायचं आहे.

काम कमी आणि हात जास्त झाले की मजुरीचा भाव उतरतो, हे रोजंदारीच्या ठिय्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला कुणी शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात बांधकामं थांबली की तो सकाळी नऊपर्यंत एक भाव सांगतो आणि दहानंतर दुसरा. कारखान्यात मात्र भाव असा उघडपणे उतरवता येत नाही. किमान वेतनाचा दर सरकारने ठरवलेला असतो आणि महागाईला बांधलेला विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला नव्याने जाहीर होतो. कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक ज्या केंद्रांवरून काढतात त्यांत नागपूरही आहे, म्हणजे इथली डाळ आणि इथलं घरभाडं त्या हिशेबात धरलेलं असतं. दर कागदावर चढतच राहिला. वाढल्या त्या माणसाला दराच्या बाहेर ठेवायच्या वाटा.

बेकारीच्या आकड्यांवरून हे कळत नाही. देशाच्या श्रमबल पाहणीत २०१७-१८ साली बेकारीचा दर ६.१ टक्के निघाला तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. २०२३-२४ मध्ये तोच दर ३.२ टक्क्यांवर आला आणि अनेकांनी सुटकेचा श्वास घेतला. पण त्याच पाहणीत स्वयंरोजगार करणाऱ्यांचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेला आणि नियमित पगारदारांचा २२.८ वरून २१.७ वर आला. बापाच्या पानठेल्यावर बिनपगारी बसणारा मुलगाही या स्वयंरोजगारात मोजला जातो. तो बेकार नाही हे खरंच. त्याला नोकरी आहे का, हा प्रश्न वेगळा.

जुना इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण तो नागपूरकरांना पाठ आहे. एम्प्रेस मिल ही कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. १८८६ मध्ये तिथे पेन्शन फंड निघाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. देशात तसा कायदा यायला अजून बरीच वर्षं होती. पण त्याच गिरणीयुगाने ‘बदली’ हा शब्दही दिला. कायम कामगार खाड्यावर असला की त्याच्या जागी भरायचा तो बदली. पहाटे फाटकावर यायचं, नाव पुकारलं तर आत, नाही तर घरी. गिरणी १९८६ साली सरकारकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली आणि त्या जागेवर आज मॉल आहे. बदली हा शब्द मात्र गिरणीबाहेर पडून हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांपर्यंत पोहोचला.

त्या शब्दाला वेसण घालणाऱ्या दोन तरतुदी या राज्यात होत्या. मुंबई राज्याच्या १९५९ च्या नियमांतले आदर्श स्थायी आदेश, म्हणजे सेवाशर्तींचा नमुना, सांगत की बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस अखंड सेवा केली, तर त्याला कायम करायचं. आणि १९७१ च्या राज्याच्या कायद्याने, माणसाला कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं, ही ‘अनुचित कामगार प्रथा’ ठरवली. हिंगण्यातल्या प्रत्येक कामगाराला २४० हा आकडा ठाऊक होता, आणि मालकालाही.

नव्वदच्या दशकात मी तिथल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. मस्टर, म्हणजे हजेरीपट, माझ्या टेबलावर असे. सात महिने भरत आले की त्या नावापुढे पेन्सिलने बारीक टिंब करायचं, एवढीच सूचना होती. टिंब दिसलं की त्या माणसाला ‘ब्रेक’. पंधरा-वीस दिवस घरी बसायचं आणि नव्या अर्जाने, नव्या नंबरावर परत यायचं. काहींच्या वडिलांचं नाव दर खेपेला वेगळ्या अक्षरांत लिहिलेलं असे. आठ महिने का नाही? कारण रविवार आणि पगारी सुट्ट्याही सेवेच्या दिवसांत धरायच्या, असा निकाल १९८५ साली आला होता, आणि आमचे साहेब हिशेबाला पक्के होते.

ब्रेकच्या पद्धतीत एक अडचण होती. मस्टर पुरावा ठरे. कामगार न्यायालयात जुनी मस्टरं मागवली गेली की टिंबं दिसत. त्यामुळे सुटकेची वाट ठेकेदारीत शोधली गेली. माणूस ठेकेदाराचा, मस्टर ठेकेदाराचं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने बारमाही कामात ठेका बंद करायची सोय ठेवली होती. ठेका बंद झाला की कामगार आपोआप मूळ मालकाचा होतो, असं १९९६ च्या एका निकालाने सांगितलं. ऑगस्ट २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला. ठेका बंद झाला तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असं ठरलं. ठेका नुसता कागदी देखावा असेल तर गोष्ट वेगळी, पण तो देखावा आहे हे सिद्ध करायचं ओझं त्याच कामगारावर. पुढे २०१६ च्या दुरुस्तीने राज्यात हा कायदा लागू व्हायची मर्यादा २० कामगारांवरून ५० वर गेली. एकोणपन्नास माणसांचा ठेकेदार हा हिशेब कुणाच्या लक्षात आला नसेल, असं मानायचं कारण नाही.

ठेक्याच्या माणसाला निदान किमान वेतन तरी लागू आहे. प्रत्यक्षात किती हातात पडतं, एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं, हे वेगळं. पण कागदावर त्याचा हक्क आहे. ‘शिकाऊ’च्या बाबतीत कागदही बोलत नाही. या शब्दापाशी जरा थांबावं लागेल, कारण आज जो गोंधळ आहे तो इथेच आहे.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं १८ वं कलम दोनच वाक्यांचं आहे. शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. आणि कामगारविषयक कोणताही कायदा त्याला लागू नाही. सुरक्षितता, कामाचे तास, अपघाताची भरपाई यांची सोय त्याच कायद्यात वेगळ्या कलमांनी केली आहे, एवढाच अपवाद. हेतू वाईट नव्हता. आयटीआयमधून आलेल्या मुलाने वर्षभर कारखान्यात हात बसवावा, त्याबद्दल त्याला थोडं विद्यावेतन मिळावं, आणि तो शिकतोय म्हणून त्याच्याकडून उत्पादनाचा आकडा मागू नये. फिटर, टर्नर, वायरमन असे ठरलेले ट्रेड, ठरलेला काळ, शेवटी परीक्षा. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत किंवा कोराडीच्या वीज केंद्रात अप्रेंटिसशिप केलेला माणूस आजही ते अभिमानाने सांगतो.

२०१४ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. मालकाला स्वतःच अभ्यासक्रम आखता येईल असे ‘ऐच्छिक’ ट्रेड आले. शिकाऊंची संख्या ठरवताना ठेक्याची माणसंही मोजायची, असं ठरलं. म्हणजे ठेका जितका मोठा, तितके शिकाऊ जास्त. पण त्याच वर्षीच्या नियमांनी एक चांगली गोष्टही केली होती. ट्रेड अप्रेंटिसचं विद्यावेतन राज्यातल्या अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाला बांधलं. पहिल्या वर्षी त्याच्या ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९०. किमान वेतन वाढलं की हे आपोआप वाढणार होतं.

ही गाठ २०१९ साली सोडली गेली. त्या वर्षीच्या नव्या नियमांनी ठोक रकमा ठरवल्या. शाळेत पाचवी ते नववी शिकलेल्याला ५,००० रुपये, दहावी झालेल्याला ६,०००, बारावी किंवा आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ आणि तिसऱ्या वर्षी १५. शिकाऊंच्या संख्येची वरची मर्यादा मनुष्यबळाच्या १० टक्क्यांवरून १५ वर नेली. शिकाऊ घेणं सक्तीचं होण्याची अट ४० माणसांवरून ३० वर आली.

या निर्णयाची बाजू घेणारे सांगतात की राज्याराज्यांत किमान वेतन वेगवेगळं असल्याने अनेक राज्यांत कारखाने असणाऱ्यांना हिशेब जड जात होता. देशाच्या आकाराच्या मानाने शिकाऊंची संख्या फारच थोडी होती आणि रक्कम सोपी केली तर ती वाढेल. शिवाय या रकमा किमान आहेत, जास्त द्यायला कुणी अडवलेलं नाही. हे तिन्ही मुद्दे खोटे नाहीत. जास्त देणारे कारखाने नागपुरातही आहेत. पण हिशेब मांडून बघा. समजा अर्धकुशलाचं किमान वेतन महिना १३,००० आहे. जुन्या नियमाने पहिल्या वर्षाच्या आयटीआयवाल्याला ९,१०० मिळाले असते. नव्या नियमाने किमान ७,०००. महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी सरकतो आणि ७,००० जागचे हलत नाहीत, म्हणून हे अंतर दर जानेवारीला आणि जुलैला वाढतं. त्यात २०१६ पासूनच्या एका केंद्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देत आलं आहे. मे २०२५ मध्ये या रकमा ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० कराव्यात अशी शिफारस झाली. मधली सहा वर्षं ज्यांनी काढली, त्यांच्यासाठी त्यात काही नव्हतं.

गोंधळ इथेच संपत नाही, कारण फाटकावरचा ‘ट्रेनी’ या कायद्यातला शिकाऊ असेलच असं नाही. २०१३ मध्ये तांत्रिक शिक्षणाच्या नियामकाकडून ‘नीम’ नावाची योजना आली. तीन महिने ते तीन वर्षं प्रशिक्षण, विद्यावेतन निदान अकुशलाच्या किमान वेतनाइतकं, पण पीएफ नव्हता आणि नोकरीचं नातं नव्हतं. पोरं त्याला ‘कडूनिंब’च म्हणत. तिसरा प्रकार कंपनीने स्वतःच्या लेटरहेडवर नेमलेला ट्रेनी. त्याला कुठल्याच कायद्याची सवलत नाही. तो काम करत असेल तर कामगारच. पण हे सांगायला त्याने वकिलाकडे जायला हवं, आणि वकिलाकडे गेला की दुसऱ्या दिवशी गेटपास चालत नाही.

जुलै २०२४ मध्ये यात चौथ्याची भर पडली. राज्य सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वयाच्या तरुणांना सहा महिने ‘प्रशिक्षण’ आणि सरकारी तिजोरीतून थेट खात्यात बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. कारखान्याला रुपयाही खर्च नाही. पण ही मुलं नुसती कारखान्यांत गेली नाहीत. शाळा, ग्रामपंचायती, तहसील कचेऱ्या इथल्या टेबलांवरही बसली. याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, सरकारी पदं बाहेरच्या एजन्सींमार्फत भरायचा निर्णय निघाला होता आणि विरोधामुळे ऑक्टोबरात मागे घ्यावा लागला होता. दोन्ही निर्णयांचा एकमेकांशी संबंध नाही असं सांगितलं जातं. रिकामी टेबलं मात्र तीच होती. २०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने केली. अकराच का, हे भाडेकरार केलेल्या कुणालाही विचारावं. मुदत संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ ही मागणी राज्यभर उठली. प्रशिक्षण घेतलेल्याने कायमपणा मागावा, यावर काहींना हसू आलं. ज्याने अकरा महिने सातबारे काढून दिले, त्याला ते आलं नसणार.

मिहान या नागपूर विमानतळालगतच्या प्रकल्पाबद्दल इथे फार लिहिण्यासारखं नाही. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुहीच्या जमिनी गेल्या त्या रोजगाराच्या आशेवर, आणि आयटी कंपन्या आल्याही. पण सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपन्या नव्या इंजिनिअरला २०१० च्या सुमारास वर्षाला सव्वातीन लाख देत होत्या आणि आज साडेतीनच्या घरात देतात. २०१२ ला १०० धरलेला किंमत निर्देशांक २०२४ मध्ये १९० च्या आसपास होता. ऑफर लेटर देऊन वर्षभर रुजू करून न घेतल्याचे प्रसंगही २०२२ नंतर घडले. तिथे नाव बदलावं लागलं नाही, आकडा जागेवर ठेवला की पुरलं.

तळाचा दर किती असावा यावरही एक प्रकरण होऊन गेलं. २०१९ च्या सुरुवातीला एका तज्ज्ञ समितीने देशभरासाठी रोज ३७५ रुपये तळवेतन, म्हणजे किमान वेतनाची सर्वांत खालची पातळी, सुचवलं. त्याच वर्षी जाहीर झालेला आकडा होता १७८. आधीचा १७६ होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले. तळवेतनाला आता कायद्याचा आधार आहे. किमान वेतन ठरावीक यादीतल्या उद्योगांपुरतं न राहता सर्वांना लागू झालं, ही मोठी सुधारणा आहे. ठेक्याच्या कायद्याची मर्यादा आता देशभर ५० झाली. चारांतल्या वेतन संहितेत ‘कर्मचारी’ कोण, याची लांबलचक व्याख्या आहे. कुशल, अर्धकुशल, अकुशल, अंगमेहनतीचा, कारकुनी, पर्यवेक्षणाचा, सगळे तिच्यात येतात. त्या व्याख्येच्या सुरुवातीलाच एक अपवाद लिहून ठेवला आहे : १९६१ च्या कायद्याखाली घेतलेला शिकाऊ सोडून.