सगळ्या वाटा एकाच गावाला जातात का?

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वज पुढे सरकत असताना कुणीतरी हमखास म्हणतं, "देव एकच, वाटा निरनिराळ्या." सोलापुरात हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांत ऐकू येतं. त्यातलं 'देव एकच' फार जुनं आहे. 'सगळ्या वाटा सारख्याच' हे मात्र तितकं जुनं नाही. म्हणून प्रश्न असा: सगळे धर्म शेवटी आत्मसाक्षात्काराकडेच नेतात का?

शिवमहिम्न स्तोत्रात सगळे प्रवाह समुद्राला मिळतात, पण वाटा 'ऋजु' आणि 'कुटिल', म्हणजे सरळ आणि वाकड्या, अशा दोन्ही आहेत. गीतेच्या नवव्या अध्यायातही इतर देवतांचे भक्त कृष्णालाच भजतात, पण 'अविधिपूर्वक', म्हणजे योग्य विधी सोडून. दार सगळ्यांना उघडं, तरी वाटांमध्ये डावं-उजवं आहेच.

याची सर्वात ठसठशीत कथा सोलापूरचीच आहे. बाराव्या शतकात, गाव सोन्नलगी म्हणून ओळखलं जायचं तेव्हा, सिद्धराम, म्हणजे आजचे सिद्धेश्वर, तळं खोदत होते, लिंगं स्थापत होते. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या 'शून्यसंपादने' या शिवशरणांच्या संवादांच्या कन्नड ग्रंथात अल्लमप्रभू हे शिवशरण संत तिथे येऊन त्यांना 'वड्डर', म्हणजे माती-दगड खोदणारा, म्हणून हिणवतात. कामावरची माणसं चिडून धोंडे मारतात. मग वाद सुरू होतो: तळी बांधून, देवळं उभारून माणूस स्वतःला ओळखतो का? शेवटी सिद्धराम अल्लमांबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) जातात आणि शिवशरण चन्नबसवण्णांकडून इष्टलिंगदीक्षा, म्हणजे अंगावर लिंग धारण करण्याची दीक्षा, घेतात. अल्लमांनी 'तुमचंही बरोबर, आमचंही बरोबर' म्हणून विषय मिटवला नाही. मला ही कथा थोर वाटते ती यासाठीच. समोरच्याचा मार्ग तपासून पाहण्याइतका महत्त्वाचा वाटणं हाही आदरच आहे. आणि सोलापूरने तळंही ठेवलं, सिद्धरामांची समाधीही ठेवली.

'सगळ्या वाटा सारख्याच' या विचाराचं आजचं रूप एकोणिसाव्या शतकात घडलं. रामकृष्णांनी १८६६च्या सुमारास इस्लामी, १८७४मध्ये ख्रिस्ती साधना केली आणि 'जितकी मतं, तितके पथ' असं सांगितलं. विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ला शिकागोत महिम्नातला तोच श्लोक म्हटला. गांधीजींना 'सहिष्णुता' हा शब्द अपुरा वाटत होता, कारण त्यात दुसऱ्याचा धर्म थोडा खालचा धरला जातो. सप्टेंबर १९३०मध्ये येरवडा तुरुंगातून आश्रमाला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी सर्वधर्मसमभावाची मांडणी केली. त्यांच्याच अटकेनंतर त्या मे महिन्यात सोलापूर पेटलं होतं आणि इथे मार्शल लॉ लागला होता. १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली, तीही येरवड्यातच. गांधीजी तेव्हा त्याच तुरुंगात होते. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून जाताना हे मला दर वेळी आठवतं.

तत्त्वज्ञानाच्या अंगाने हा विषय नेटाने लावून धरला तो गुरुदेव रा. द. रानडे यांनी. सोलापूर–विजापूर रेल्वेमार्गावरच्या निंबाळला त्यांचा आश्रम. १९३३च्या 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' या ग्रंथात त्यांनी सिद्धांतांपेक्षा संतांच्या अनुभवाला पुरावा मानलं. देश, काळ, धर्म कोणताही असो, साक्षात्कारी माणसं एकमेकांची भाषा ओळखतात, असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला ही बाजू सर्वांत जवळची वाटते.

तरीही एक अडचण उरते, आणि ती लहान नाही. 'आत्मसाक्षात्कार' हे ध्येय सगळ्यांचं आहे, हे कुणी ठरवलं? ख्रिस्ती माणूस तारणाबद्दल बोलतो, मुसलमान नजातीबद्दल, म्हणजे सुटकेबद्दल. बुद्धाने तर अनात्मच सांगितला, म्हणजे कायमचा आत्मा नाहीच. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्म स्वीकारला तो वीस वर्षांहून अधिक काळ धर्म पारखून. सगळे धर्म त्यांना सारखे वाटत असते, तर ही पारख लागलीच नसती. सोलापुरातल्या एखाद्या बुद्धविहारात आपला प्रश्न घेऊन गेलात, तर "कुठला आत्मा?" असंच आधी विचारतील. उत्तर मग तिथून शोधावं लागेल.