एफएपी: तपासणीच्या वेळापत्रकामागची शंभर वर्षे

फॅमिलिअल ॲडिनोमॅटस पॉलिपोसिस, म्हणजेच एफएपी, हा आनुवंशिक आजार साधारण दहा हजारांत एकाला होतो. किशोरवयापासून मोठ्या आतड्याच्या अस्तरावर पॉलिप, म्हणजे कोंबासारख्या लहान गाठी, उगवू लागतात. त्यांची संख्या शंभराच्या पुढे आणि कित्येकदा हजारांत जाते. एकट्या पॉलिपचा धोका फार नसतो, पण इतक्यांतला एखादा कर्करोगाकडे वळतोच, आणि उपचार न झाल्यास हे बहुधा चाळिशीच्या आसपास घडते. रुग्णाला आज तपासण्यांचे जे वेळापत्रक मिळते, त्यातली बहुतेक कलमे आधीच्या पिढ्यांमधल्या मृत्यूंवरून ठरली आहेत.

हॅरिसन क्रिप्स या इंग्रज शल्यविशारदाने 1882 मध्ये एका भावाबहिणीच्या आतड्यातले असंख्य पॉलिप नोंदवले. आजार घराण्यात उतरतो ही शंका तेव्हाची. तिला आधार मिळाला लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात. 1924 मध्ये तिथे या कुटुंबांची नोंदवही सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिथले शल्यविशारद लॉकहार्ट-ममरी यांनी तीन घराणी प्रसिद्ध केली. रोगनिदानतज्ज्ञ कथबर्ट ड्यूक्स आणि त्यांचे साहाय्यक बसी यांनी ती वही पुढे अनेक दशके सांभाळली. कोण कुणाचा मुलगा, कोण कशाने गेला, कुणाला अजून बोलावलेले नाही, अशा त्यातल्या नोंदी. दिसायला कारकुनी काम, पण या आजारात सर्वाधिक जीव त्यानेच वाचवले असावेत. रक्त पडू लागल्यावर आलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत कर्करोग आधीच झालेला असे, तर नातेवाईक म्हणून बोलावून तपासलेल्यांत तो क्वचित सापडे. आपल्याकडे शौचातून रक्त पडले की मूळव्याध म्हणून मलमावर वर्ष निघून जाते, म्हणून हा फरक ध्यानात ठेवावा. घरात एफएपी असेल तर त्रास सुरू होण्याची वाट पाहायची नसते. बारा ते चौदाव्या वर्षी पहिली कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून पाहणी) आणि पुढे एक-दोन वर्षांनी पुन्हा.

शस्त्रक्रियेचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. 1948 पासून सेंट मार्क्समध्ये मोठे आतडे काढून लहान आतडे थेट गुदाशयाला जोडू लागले. पोटावर मल गोळा करणारी कायमची पिशवी टळली, पण उरलेल्या गुदाशयात पॉलिप उगवत राहिले आणि काहींना तिथेच कर्करोग झाला. जुन्या अहवालांतले हे आकडे वाचून घाबरण्याआधी एक लक्षात घ्यावे. त्या काळी दुसरा पर्याय पिशवीचाच होता, त्यामुळे पॉलिपने गच्च भरलेले गुदाशयही राखले जात. 1978 मध्ये पार्क्स आणि निकोल्स यांनी गुदाशयही काढून लहान आतड्याचीच थैली शिवून ती गुदद्वाराला जोडली. 1980 मध्ये जपानच्या उत्सुनोमिया यांनी तिला सोपा ‘जे’ आकार दिला. तेव्हापासून निवड करता येऊ लागली. गुदाशयात साधारण वीसपेक्षा कमी पॉलिप असतील तर तो राखतात. जास्त असतील, किंवा मोठे व बिघडलेल्या पेशींचे असतील, तर थैली करतात. थैलीची किंमतही आहे: दिवसाला चार-सहा वेळा शौच, आणि ओटीपोटात खोल काम झाल्याने स्त्रियांची गर्भधारणेची शक्यता घटते. स्टेपलरने जोडताना अस्तराची सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची पट्टी मागे राहते, तिथेही पॉलिप येतात. म्हणून शस्त्रक्रिया कोणतीही असो, वर्षातून एकदा दुर्बीण घालावीच लागते. ‘आतडे काढले, आता सुटलो’ या समजुतीने तपासणी थांबवलेले रुग्ण पुन्हा कर्करोग घेऊन येतात.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने मरणे कमी झाल्यावर दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे ड्युओडेनममधले, म्हणजे जठरालगतच्या लहान आतड्याच्या पहिल्या भागातले पॉलिप, विशेषतः पित्तनलिका जिथे उघडते त्या तोंडाभोवतीचे. स्पिगेलमन यांनी 1989 मध्ये पॉलिपची संख्या, आकार, पेशींची रचना आणि बिघाडाची तीव्रता यांना गुण देऊन पायऱ्या ठरवल्या. शून्य किंवा पहिल्या पायरीवर पाच वर्षांनी, दुसऱ्या पायरीवर तीन वर्षांनी आणि तिसऱ्या पायरीवर दरवर्षी तपासणी होते; चौथ्या पायरीवर सहा महिन्यांनी, शिवाय शस्त्रक्रियेचा विचार. सुरुवात पंचविशीत. सरळ पाहणाऱ्या दुर्बिणीतून ते तोंड नीट दिसेलच असे नाही. तसे झाले तर बाजूला पाहणारी दुर्बीण वापरावी लागते.

दुसरी गोष्ट डेस्मॉइड, पोटातली तंतुमय गाठ. ती शरीरात इतरत्र पसरत नाही, पण आतड्याला आणि मूत्रनलिकांना आवळते. शस्त्रक्रियेची जखम तिला चालना देते, म्हणून ज्या घराण्यात डेस्मॉइड आहेत तिथे पॉलिप आटोक्यात असेपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलतात.

औषधांची कहाणी छोटी आहे. सुलिंडॅक या सूज उतरवणाऱ्या गोळीने पॉलिप आक्रसतात हे 1983 मध्ये दिसले, 1993 च्या चाचणीत ते सिद्धही झाले; गोळी थांबताच पॉलिप पुन्हा वाढले. तशाच सेलेकॉक्सिब या औषधाला या आजारासाठी मिळालेली मान्यता 2011 मध्ये मागे घेतली गेली. गोळी दुर्बिणीची जागा घेत नाही.

जनुकाचा माग 1986 मध्ये लागला. एका रुग्णाच्या पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गहाळ आढळला. पुढच्या वर्षी घराण्यांच्या रक्तनमुन्यांवरून तीच जागा पक्की झाली आणि 1991 मध्ये या आजाराला कारणीभूत एपीसी जनुक हाती आले. त्याने तपासणीचा क्रम बदलला. आधी आजारी व्यक्तीचे रक्त तपासून घराण्यातला नेमका दोष शोधायचा, मग नातेवाइकांत तेवढाच पाहायचा. तो नसलेल्या मुलाची दर एक-दोन वर्षांची कोलोनोस्कोपी सुटते. उलट क्रमाने गेले की फसगत होते: घराण्याचा दोष माहीत नसताना निरोगी भावाचा ‘निगेटिव्ह’ अहवाल काहीच सिद्ध करत नाही. साध्या वाचनात जनुकाचे मोठे गळालेले तुकडे निसटतात, त्यांची वेगळी चाचणी मागावी. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असेल तर त्यावरून नातेवाइकांचा निर्णय घेऊ नये. सुमारे चौथाई रुग्णांत दोष नव्याने उपजलेला असतो. घरात कुणालाच नव्हते म्हणून एफएपी नाही, असे म्हणता येत नाही.

काही घराण्यांत असेच पॉलिप असूनही एपीसी साफ निर्दोष निघत असे. 2002 मध्ये कार्डिफच्या गटाने त्याचे एक कारण शोधले: एमयूटीवायएच हे जनुक. यात आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत मिळाल्यावरच आजार होतो, त्यामुळे आईवडील बहुधा निरोगी असतात आणि प्रत्येक भावंडाला चारात एक शक्यता असते. ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांत याचा एक ठरावीक दोष सापडला आहे. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या आपल्या समाजांत हे विचारात घ्यायलाच हवे. अशा रुग्णाच्या भावंडांची तपासणी आधी करतात. मुलांच्या बाबतीत प्रथम जोडीदाराचे रक्त पाहतात. त्याच्या दोन्ही प्रती निर्दोष निघाल्या, तर मुले फक्त वाहक (एकच प्रत सदोष, आजार नाही) ठरतात आणि त्यांना लहान वयात दुर्बिणीखाली आणावे लागत नाही.