डॅन्यूबकाठी सायकलने जाणाऱ्यांसाठी: शेंगेन व्हिसाचा अर्ज कोठे अडतो

27 मार्च 2022 पासून भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पुन्हा सुरू झाली आणि कोविडमुळे दोन वर्षे रखडलेले सायकल सहलींचे बेत अनेकांनी पुन्हा हाती घेतले. जर्मनीतील पासाऊहून व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हामार्गे बुडापेस्टपर्यंतचा मार्ग जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी या चार देशांतून जात असला तरी त्यासाठी एकच शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा व्हिसा, पुरतो. पासपोर्ट, छायाचित्रे, बँकेचे स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरीच्या ठिकाणचे रजापत्र आणि व्हिसा शुल्क (2022 मध्ये 80 युरो) ही तयारी बहुतेकांची नीट असते. पासपोर्ट मात्र गेल्या दहा वर्षांतला हवा आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध हवा.

अर्ज अडतो तो मुक्कामाच्या पुराव्यावर. तंबू घेऊन निघणाऱ्याकडे प्रत्येक रात्रीचे आरक्षण नसते आणि अर्जात तर प्रत्येक रात्रीचा हिशेब मागितला जातो. सायकलस्वाराची गरज लक्षात घेणारा रकाना त्या अर्जात नाही, ही गैरसोय इतक्या वर्षांत कोणी दूर केलेली नाही. म्हणून दिवसागणिक तक्ता स्वतःच जोडावा: तारीख, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, अंतर आणि मुक्कामाचा पूर्ण पत्ता. ‘पासाऊ ते श्लोगेन, सुमारे 45 किलोमीटर, अमुक कॅम्पिंग’ अशी ओळ अधिकाऱ्याला समजते. ‘वाटेत कोठेही’ असे लिहिलेले समजत नाही. मोठ्या शहरांतली आरक्षणे खरी करावीत आणि मधल्या कॅम्पिंगवाल्यांना ईमेल करून त्यांचे उत्तर जोडावे. एजंटाने दिलेले खोटे आरक्षण कृपा करून जोडू नये. पडताळणीत ते उघडे पडले तर नकार येतो आणि पुढच्या अर्जांवरही त्याचे सावट राहते.

हाच तक्ता अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हेही ठरवतो. विमान म्युनिकला उतरते म्हणून अनेक जण जर्मनीकडे अर्ज करतात, पण या मार्गावर बहुतेक रात्री ऑस्ट्रियात जात असतील तर अर्ज ऑस्ट्रियाकडेच करावा लागतो. रात्री समसमान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरला जातो.

‘अर्ज प्रवासाच्या पंधरा दिवस आधी करावा’ हा नियमही चुकीचा वाचला जातो. ती अर्ज करण्याची शेवटची मर्यादा आहे. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात आणि काही प्रकरणांत पंचेचाळीसही. अर्ज देण्याच्या भेटीची वेळ मिळणेच कठीण होऊ शकते, तेव्हा सहा महिने आधी अर्ज करण्याची जी मुभा आहे ती वापरावी. बुडापेस्टहून पुढे सर्बियात उतरून परत हंगेरीत यायचे असेल, तर सर्बिया शेंगेनमध्ये नसल्याने बहुप्रवेश व्हिसा अर्जातच मागावा.

2022 मध्ये कोविड लसीचा दाखलाही स्वतंत्रपणे तपासावा लागे. कोविन संकेतस्थळावरून पासपोर्ट क्रमांक आणि पूर्ण जन्मतारीख असलेला आंतरराष्ट्रीय प्रवासाचा दाखला काढावा लागे. आपल्याकडे आधारवर वडिलांचे नाव मधे असते आणि पासपोर्टवर कधी नसते; हा फरक निघण्याच्या आठवड्यात लक्षात आला तर फार धावपळ होई. युरोपीय संघाने पहिल्या दोन मात्रांची वैधता 270 दिवस धरली होती, म्हणजे 1 ऑगस्ट 2021 ला दुसरी मात्रा घेतलेल्याची मुदत 28 एप्रिल 2022 लाच संपली. मे 2022 मध्ये काही देशांनी ही अट उठवली होती, काहींनी नाही, म्हणून वाटेतल्या चारही देशांचे नियम पाहावे लागत. ज्या देशात जायचे तेथे आवश्यक असेल, तर दुसऱ्या मात्रेनंतर 90 दिवसांनी खबरदारीची (बूस्टर) मात्रा घेण्याची सवलत तेव्हा प्रवाशांना मिळाली होती.

विमा किमान 30,000 युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांत लागू असा हवा. साहसी खेळ वगळणाऱ्या कलमात सायकल प्रवासही येतो का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

सायकल महागडी असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात दाखला घ्यावा, म्हणजे परतताना तिच्यावर शुल्क मागितले जाणार नाही, आणि त्यावर सायकलच्या पॅडलजवळ, फ्रेमच्या तळाशी कोरलेला क्रमांक नोंदवून घ्यावा. खोके बांधल्यावर तो क्रमांक दिसत नाही, त्यामुळे त्याचे छायाचित्र आणि खरेदीची पावती हाताशी ठेवावी, आणि दाखला घेईपर्यंत सायकल चेक-इनला देऊ नये.